धूर म्हणजे न जळालेले सरपण

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की चांदूर रेल्वे तालुक्यातल्या बंड्या आणि ट्रॉल्यांचा माल बदलतो. कापूस केव्हाच जिनिंगला गेलेला असतो. आता शेतातून घराकडे पऱ्हाटी येऊ लागते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरामागे, गोठ्याच्या भिंतीला लागून पऱ्हाटी-तुराटीची गंजी उभी राहते. त्याच घराच्या सयपाकघरात गॅसचे सिलिंडरही असते. सकाळचा चहा आणि मुलांचा डबा गॅसवर. आंघोळीचे पाणी, ज्वारीची भाकर, पंधरा पाहुण्यांची पंगत आणि उन्हाळ्यातल्या कुरड्यांचा चीक चुलीवर. रोडग्यांना तर गोवऱ्यांचा विस्तवच लागतो, तिथे गॅसचे नावही कोणी काढत नाही.

हे चित्र एकट्या चांदूरचे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 58.6 टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण 43.2 टक्के होते. या मोजणीत घराचे मुख्य इंधन विचारले जाते. म्हणजे गॅस असलेले घर ‘स्वच्छ’ रकान्यात जाते, मग मागच्या अंगणात रोज दोन तास चूल धगधगत असली तरी. मे 2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या, हे मोठेच काम. पण या घरांतून सिलिंडर वर्षाला सरासरी चार-साडेचार वेळाच भरून आणले जाते. पाच माणसांच्या घरात एक सिलिंडर तीन महिने पुरत नाही. उरलेले काम कोण करते, ते घराघरांतून निघणाऱ्या धुरावरून कळते.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा चुलीवरच्या भाकरीच्या चवीचे गोडवे गाणारा लेख नाही. रोजच्या स्वयंपाकाला गॅस, गोबरगॅस किंवा वीज यांना तोड नाही. पण ज्या घरात चूल पेटणारच आहे, तिथे ती कशी पेटते यावर बरेच अवलंबून आहे. किती सरपण जाते, किती झाडे तुटतात आणि घरातल्या बाईच्या छातीत काय जाते, हे सगळे त्यावर ठरते.

लाकूड थेट जळत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो आणि विसरलेलोही असतो. तापल्यावर लाकडातून आधी पाणी निघते, मग ज्वलनशील वायू निघतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. वायू गेल्यावर उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. निघालेल्या वायूंना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि मिसळायला थोडा वेळ मिळाला, तर ते जळून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. उष्णता कमी पडली किंवा हवा अडली, की तेच वायू अर्धवट जळून बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले सरपणच आहे. डोक्यावर मोळी वाहून आणलेले, चुलीत घातलेले, आणि भांड्याऐवजी फुप्फुसात गेलेले. साध्या तीन दगडांच्या चुलीत शंभर भाग उष्णतेपैकी जेमतेम दहा ते पंधरा भाग भांड्यात पोचतात.

ओल्या लाकडाचे नुकसान यात सर्वांत मोठे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. किलोभर ओले लाकूड चुलीत घालणे म्हणजे अर्धा लिटर पाणी विस्तवावर ओतण्यासारखे आहे. ते पाणी उकळून उडवायला उष्णता खर्च होते, हा भाग खरा. पण त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे चुलीचे तापमान उतरते आणि वायू न पेटताच निसटतात. मग फुंकणी हातात येते, तोंड चुलीजवळ जाते आणि सगळ्यात दाट धूर सगळ्यात जवळून घेतला जातो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीनसारखी रसायने आणि अतिसूक्ष्म कण असतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला चुकवून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 15 ची. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा कित्येक शेकड्यांत आणि कधी हजाराच्याही वर जातो. घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख अकाली मृत्यू झाले, असा या संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक. न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू असा या धुराचा पसारा आहे.

पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. ‘सीओपीडी’ हा श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही, याकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-गोवरीच्या धुरात वावरणारे तीनशे कोटींच्या घरात. त्यामुळे या आजाराचे सर्वांत मोठे कारण चूल असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे आजही एखादी काकू खोकत, धापा टाकत दवाखान्यात गेली की ‘विडी ओढता का’ हा प्रश्न तिला लागू नसतो, आणि ‘किती वर्षे चूल पेटवली’ हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. तुम्हीच तो सांगा. दोन महिन्यांहून जास्त खोकला असेल, चढावर किंवा घागर उचलताना दम लागत असेल, तर ‘वयामुळे होते’ म्हणून सोडू नका. फुंकून करायची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी करून घ्या.

धूर कमी करायचा विचार मात्र नवा नाही, आणि त्याचे एक मूळ आपल्या शेजारीच आहे. चांदूर रेल्वेहून नागपूरकडे जाणारी गाडी धामणगाव, पुलगाव ओलांडून वर्ध्याला पोचते. तिथल्या मगनवाडीत 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते. तेलघाणी, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप यांच्या जोडीला तिथे ‘मगन चूल’ही घडली. मातीची, एका विस्तवावर एकाहून जास्त भांडी चढवता येणारी, धूर नळीतून बाहेर काढणारी. गरिबाच्या घरातला धूर हा अर्थशास्त्राचा विषय आहे, हे त्या मंडळींना त्या काळात कळले होते.

पुढे 1983 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 मध्ये तो थांबेपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेल्या पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने या चुलींच्या आराखड्यांवर बरेच काम केले. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल अनेक गावांत पोचली. आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांना सिमेंटची ती नळी आठवत असेल. बऱ्याच घरांत ती नळी काजळीने तुंबली, मातीला भेगा गेल्या आणि दोन-तीन वर्षांत जुनी चूल परत आली.

हे का झाले याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ओडिशातून आला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या 44 गावांतल्या सुमारे 2600 घरांचा चार वर्षे मागोवा घेतला. सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक पुसला गेला. फुप्फुसांची ताकद वाढली नाही, सरपणही वाचले नाही. चुली प्रयोगशाळेत उत्तम होत्या; घरात त्यांची डागडुजी झाली नाही, आणि बायका जमेल तशी दोन्ही चुलींवर वेळ भागवत राहिल्या. यात बायकांना दोष देण्याचे कारण नाही. धुराड्याची नळी साफ करायला छतावर चढावे लागते, आणि ते काम कोणाचे, हे घरात ठरलेलेच नव्हते.

बाहेरच्या देशांतले अनुभवही याच वळणाचे. ग्वाटेमालात किर्क स्मिथ यांच्या गटाने उघड्या विस्तवाच्या जागी धुराड्याच्या चुली दिल्या. (याच स्मिथ यांनी 1981 मध्ये गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता.) मुलांच्या वाट्याचा धूर निम्मा झाला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सांगता येईल इतकी नव्हती. मलावीत दहा हजारांहून अधिक मुलांवर पंख्याच्या चुलींची चाचणी झाली. न्यूमोनियात फरक पडला नाही. भारतासह चार देशांत गर्भवती महिलांना गॅस दिला, तेव्हा त्यांच्या वाट्याचे सूक्ष्म कण घनमीटरला सुमारे 24 मायक्रोग्रॅम भरले, तर गॅस न दिलेल्या गटात ते सुमारे 71 होते. बाळांच्या वजनात मात्र तिथेही ठळक फरक दिसला नाही. या सगळ्यातून मला दिसते ते असे: चांगली चूल सरपण वाचवते, धूर घटवते, डोळे चुरचुरणे थांबवते, पण बंद खोलीतली कोणतीही लाकडी चूल फुप्फुसांना निर्धोक म्हणता येणार नाही. म्हणून पहिली सुधारणा चुलीच्या जागेची. ती घराबाहेर, टिनाच्या शेडखाली, किमान दोन बाजू मोकळ्या अशा ठिकाणी हलवा. मुलांचा अभ्यास आणि बाळाचा पाळणा त्या बाजूला नको. वारा घराकडे वाहतो की घरापासून दूर, हे आधी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट सरपण सुकवण्याची, आणि यात वऱ्हाडाला निसर्गाने झुकते माप दिले आहे. मे महिन्यातले आपले ऊन लाकूड सुकवायला कोणत्याही भट्टीहून कमी नाही, आणि फुकट आहे. जाड लाकूड फोडूनच वाळवा. सालीसकट गोल ओंडका आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. ढीग जमिनीवर नको, खाली दगड किंवा जुन्या फळ्या घाला. बाजूंनी वारा खेळू द्या, फक्त वरून झाका. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेले सरपण घामेजते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. वाळले की नाही हे ओळखायला यंत्र नको: दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ‘टण’ आवाज येतो, टोकांना चिरा दिसतात, साल सुटते. शंका असेल तर एक तुकडा आठवड्याने तराजूत घाला. वजन घटायचे थांबले की समजा झाले.

तिसरी गोष्ट चुलीच्या तोंडाशी. पऱ्हाटी पटकन भडकते आणि पटकन संपते, म्हणून हात भरून कोंबायची सवय लागते. कोंबले की हवा अडते आणि लगेच धूर होतो. तीन-चार काड्या घ्या, फक्त टोके जळू द्या आणि जळतील तशा आत सरकवा. सरपण राखेवर आडवे पडले तर खालून हवा मिळत नाही. चुलीत तळापासून तीन-चार बोटे उंचीवर लोखंडी जाळी बसवा. वर काड्या, खालून हवा. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात सळयांच्या तुकड्यांतून ती होते. एवढ्या एका जाळीने फुंकणीचे काम किती कमी होते, ते करूनच पाहावे. मात्र राख रोज काढली नाही तर जाळीखालची वाट बुजते. भांडे आणि चुलीच्या काठामधली फट बोटभर पुरे. जास्त ठेवली तर आच बाहेरून निसटते, अगदी बुजवली तर विस्तव गुदमरतो. डाळ तासभर आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि उकळी आल्यावर आच कमी करणे ही कामे चुलीची नाहीत, पण सरपण त्यांनीही वाचते. मागच्या वैलावर आंघोळीचे पाणी चढवून ठेवले तर वाया जाणारी आच कामी येते.

पेटवण्याबद्दल जरा कडक बोलावे लागेल. प्लास्टिकची पन्नी, तुटकी चप्पल, टायरचा तुकडा, खताची पिशवी यांनी चूल पेटवू नका. यांच्या धुरातली विषारी द्रव्ये लाकडाच्या धुराहून कितीतरी घातक असतात, आणि भाकर त्यावरच भाजली जाते. रंग दिलेल्या जुन्या दारांचे, प्लायवूडचे तुकडेही नकोत. तुराटीच्या बारीक काड्या आणि वाळलेली साल पुरते.

आता सरपण कोणते, हा प्रश्न. चांदूर रेल्वे आणि अमरावतीच्या मध्ये पोहरा-मालखेडचे राखीव जंगल आहे. तिथून मोळी आणणे सोपे नाही. बिबट्याचा वावर आहे, वनखात्याचा धाकही आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड उभे राहायला वर्षे लागतात. तोवर त्या लाकडाचा कार्बन हवेतच राहतो. जगभरात सरपणासाठी तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी साधारण 27 ते 34 टक्के लाकूड पुन्हा भरून न येणारे असते, असा 2015 मधल्या एका अभ्यासाचा हिशेब होता. पऱ्हाटी आणि तुराटीचे तसे नाही. या वर्षी जळली तरी पुढच्या हंगामात तितकीच उगवते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, आणि ती धुऱ्यावर (वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात) नुसती पेटवून देण्यापेक्षा चुलीत नीट जळलेली बरी. धूर करून जाळली तर मात्र पर्यावरणाचा फायदा अर्ध्यावर येतो, कारण धुरातली काजळी सूर्याची उष्णता शोषून हवा तापवते.

पऱ्हाटीत एक अडचण आहे आणि ती शेतकऱ्याने ऐकलीच पाहिजे. गुलाबी बोंडअळी उरलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पावसाबरोबर तिचे पतंग बाहेर पडतात. 2017 मध्ये विदर्भाने या अळीचा मार खाल्ला आहे. म्हणून पऱ्हाटीच्या गंज्या घालून ठेवू नका, असे कृषी शास्त्रज्ञ बजावतात. आणि चुलीसाठी तर ती साठवावीच लागते! यावर मधला मार्ग असा: हंगाम लांबवू नका, पऱ्हाटी घरी आणण्याआधी वाळकी, किडकी बोंडे झोडपून-तोडून वेगळी करा आणि तीच आधी जाळून टाका. गंजी शेतात नको. उरलेली पऱ्हाटी मेअखेर संपवा किंवा बारीक करून खतात घाला, आणि पावसाळ्यासाठी तुराटी राखून ठेवा. जास्त असेल तर कांडी-कोळसा, म्हणजे ब्रिकेट करणाऱ्यांना विका.

गोवरी सर्वांत धुरकट. चार-पाच जनावरे असतील तर रोजचे 50 किलो शेण दोन घनमीटरच्या गोबरगॅसला पुरते. विस्तव धुराविना मिळतो आणि खतही हाती राहते. रोडग्यांपुरत्या गोवऱ्या थापा, पण त्या मोकळ्या वावरात पेटवा.

निखाऱ्यांबद्दल गैरसमज फार. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे वाटते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी घेऊन झोपू नका. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक देण्याची पद्धत अजून आहे. आईला ऊब हवीच, पण बंद खोलीत निखारे आणि वर ओव्याची धुरी हे बाळाच्या इवल्या फुप्फुसांना सोसवत नाही. गरम पाण्याची पिशवी, जाड पांघरूण, उन्हात बसणे हे पुरेसे आहे. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे दिसली की आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि मग दवाखाना गाठा.

स्वयंपाक झाल्यावर निखारे तसेच धुमसत ठेवू नका; जुन्या डब्यात भरून घट्ट झाकण लावा. हवा तुटली की ते विझतात आणि कोळसा मिळतो. ‘आरती’च्या ‘सराई’ कुकरमध्ये अशा जेमतेम शंभर ग्रॅम कांडी-कोळशावर चार-पाच जणांचा वरणभात वाफेवर होतो. उरलेली राख भांडी घासायला घ्या, उकिरड्याच्या खड्ड्यात थोडी-थोडी पसरा. शेतात मात्र टोपल्यांनी टाकू नका. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, खारपाणपट्ट्यात तर फारच. राख तिला आणखी तिकडेच ढकलते.